हे मोकळं करू नका

ब्रनोत नोव्हेंबरात चार वाजताच दिवस उरकतो.
पाचव्या मजल्यावर माझं एकटीचं टेबल पेटलेलं,
आणि आमचा डीबगर
एका साध्या प्रोग्रामला एका ओळीवर थांबवायला
साडेआठ मिनिटं घेतो,
अकरा गीगाबाइट गिळून ढेकरही देत नाही.

तक्रार ओस्त्राव्हाच्या राद्काची.
क्रेन चालवणारं सॉफ्टवेअर लिहिते ती.
"तुमचा डीबगर सुरू करून मी सूप गरम करते,
पिते, वाटी विसळून परत येते,
तरी हा आपला नावंच वाचतोय."

खरंच, नावंच वाचत असतो.
विचारलेलं असतं एका फंक्शनचं,
हा सगळ्या लायब्रऱ्यांची बारशी करत बसतो.
कोण कुणाचं, कुठल्या फाइलीतलं, कितव्या ओळीवरचं.
एक चमचा हवा म्हणून
अख्खं बिऱ्हाड अंगणात मांडावं, तसं.
नुसता 'इंट' हा शब्द बावीस हजार वेळा लिहून ठेवलेला,
दर वेळी कोऱ्या कागदावर,
जणू ज्याचा त्याचा इंट वेगळा.

मी नावं एकेकदाच ठेवली,
बाकीच्यांना बोट दाखवायला शिकवलं: ते बघ, तिथे आहे.
मग त्याला आळस शिकवायला घेतला.
त्यात दोन आठवडे गेले.
जन्मभर कामसू असलेल्याला
'हाक मारली तरच ऊठ' म्हटलं
की तो घाबरून आणखी चार कपाटं उघडतो.

तरी एक ढीग हलेना.
तळाशी गेले तर सत्त्याण्णव सालची एक ओळ:
"हे मोकळं करू नका. का ते मला माहीत आहे. लुबोर."

मी मोकळं केलं.
चौदा सेकंद!
चाचण्या साऱ्या हिरव्या. त्या रात्री मी ट्रामने न जाता
स्व्रात्काच्या काठाने चालत घरी गेले, उगाचच.

सकाळी राद्काचा निरोप: दुसऱ्यांदा चालवला की मरतो.
प्रोग्राम नव्हे. डीबगर.

डीबगरला डीबगर लावला.
एक आडवा पडलेला, दुसरा त्याची नाडी धरून,
आणि दुसऱ्यालाही तोच आजार.

टिश्नोव्हला फोन लावला.
लुबोर आता सत्तरीचा, बेदाण्याची झुडपं छाटत होता.
"मी लिहिलंय? मग कारण असणारच."
कात्रीचा आवाज. बराच वेळ कात्रीचाच.
"त्या वर्षी आमचा मुलगा झाला. तो रात्रभर जागायचा,
मी मांडीवर त्याला घेऊन कोड लिहायचो.
कारण नाही आठवत गं.
वजन आठवतं. तीन किलो दोनशे."

कारण मला गुरुवारी सापडलं, तिन्हीसांजेला.
प्रोग्राम पुन्हा सुरू होतो, लायब्ररी नव्या जागी राहायला जाते,
पण एक जुना ब्रेकपॉइंट
जुन्याच पत्त्यावर जाऊन कडी वाजवतो.
घर पाडलं मी,
पोस्टमनला कुणी सांगितलंच नव्हतं.
लुबोरने सत्तावीस वर्षं ते रिकामं घर
नुसतं उभं ठेवलं होतं, त्याच्यासाठी.

नऊ ओळी लागल्या:
पाडण्याआधी ब्रेकपॉइंटांना विचारा, कुणाचं टपाल येतं का इथे.
चौदाचे सोळा सेकंद झाले.
दोन सेकंद गेले विचारण्यात. जाऊ देत.

त्याची ओळ पुसली.
तिच्या जागी चार ओळींत कारण लिहिलं, तारखेसकट,
माझं नाव न घालता.
वजनही लिहावंसं वाटलं होतं.
नाही लिहिलं. पण पुसलेली ओळ
आधी वहीत उतरवून घेतली, पेनाने.

राद्काने काल कळवलं:
वेग चांगला आहे, आभार,
फक्त आता सूप गारच प्यावं लागतं.